एकच नाणं दोनदा: बिटकॉइनमधल्या एका तपासणीचा मागोवा

बिटकॉइन कोअर या सॉफ्टवेअरची ०.१६.३ ही आवृत्ती १८ सप्टेंबर २०१८ ला घाईघाईने बाहेर पडली. घाईचं कारण दिलं होतं ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’. एखाद्या मायनरने, म्हणजे व्यवहारांचे ब्लॉक साखळीत जोडणाऱ्याने, मुद्दाम वाकडा ब्लॉक बनवून पाठवला, तर तो तपासायला घेतलेला नोड, म्हणजे हे सॉफ्टवेअर चालवणारा संगणक, जागच्या जागी बंद पडेल, तेव्हा सगळ्यांनी ताबडतोब अपग्रेड करावं. दोन दिवसांनी, २० तारखेला, त्याच मंडळींनी दुसरं निवेदन काढलं. परवा सांगितलं ते खरं होतं, पण पूर्ण नव्हतं, असं त्यात म्हटलं होतं. ज्या फटीतून नोड बंद पाडता येत होते, त्याच फटीतून कुठलाही हिशेब न देता नवी बिटकॉइनही तयार करता आली असती.

या दोषाचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०१८-१७१४४. त्याची गोष्ट बहुतेक वेळा एका वाक्यात संपवली जाते: २०१६ मध्ये कुणीतरी वेग वाढवायला एक तपासणी काढली आणि घोटाळा झाला. मला हे सांगणं अपुरं वाटतं, आणि थोडं अन्यायाचंही. कारण ती तपासणी काढली त्या दिवशी ती खरोखरच जादा दिसत होती. ती जादा का दिसत होती हे समजून घ्यायचं, तर मागोवा घ्यावा लागतो त्या तपासणीचा. ती कुठून आली, तिच्या भोवतालची माणसं आणि कोड कसा बदलत गेला, आणि तिच्या मागे उभी असलेली दुसरी तपासणी कधी पोकळ झाली, हे पाहावं लागतं.

आधी हा वाकडा व्यवहार नेमका कसा असतो ते पाहू. बिटकॉइनमध्ये बँकेसारखं खातं नसतं आणि शिल्लकही नसते. असतात ती आधीच्या व्यवहारांची न खर्चलेली आउटपुट. नवा व्यवहार त्यातली काही खर्चतो आणि नवी आउटपुट तयार करतो. खर्चायचं आउटपुट ओळखायला दोनच गोष्टी लागतात: आधीच्या व्यवहाराचा हॅश, म्हणजे ६४ हेक्स अक्षरांची ओळख, आणि त्यातलं कितवं आउटपुट तो आकडा. समजा माझ्याकडे १ बिटकॉइनचं एक आउटपुट आहे. मी व्यवहार लिहितो. पहिल्या इनपुटमध्ये त्याचा हॅश आणि आकडा शून्य. दुसऱ्या इनपुटमध्ये तोच हॅश, तोच शून्य. दोन्हींवर सही माझीच आणि दोन्ही सह्या अस्सल, कारण आउटपुटचा मालक खरोखर मी आहे. इनपुटची बेरीज २, आउटपुट २, हिशेब तंतोतंत जुळतो. फक्त जगात १ बिटकॉइन जास्त झालं.

हा व्यवहार अडवायचे दोन मार्ग आहेत. एक, व्यवहाराचा कागद नुसता वाचायचा आणि इनपुटच्या यादीत काही दोनदा आलंय का ते पाहायचं. त्याला डेटाबेस लागत नाही. दुसरा, आउटपुट खर्ची टाकताना ते अजून न खर्चलेलं आहे ना, हे प्रत्येक वेळी पाहायचं. पुढची सगळी हकिगत या दोन मार्गांची आहे.

सातोशी नाकामोतो या नावाने ३१ ऑक्टोबर २००८ ला जो प्रबंध प्रसिद्ध झाला, त्याचा मुख्य प्रश्नच हा होता की मधे बँक नसताना एकच नाणं दोनदा खर्च होणं थांबवायचं कसं. जानेवारी २००९ मधल्या मूळ कोडमध्ये दुसरा मार्ग होता, आणि तो चांगला भक्कम होता. प्रत्येक व्यवहाराच्या नोंदीत त्याच्या प्रत्येक आउटपुटसाठी एक रकाना असे. ते आउटपुट कुणी खर्चलं, याची खूण त्या रकान्यात पडायची. ब्लॉक जोडताना नोड एकेक इनपुट घेई, रकाना रिकामा आहे का पाही, रिकामा असेल तर तिथल्या तिथे भरे, आणि मगच पुढच्या इनपुटकडे जाई. दुसऱ्या इनपुटने तोच रकाना मागितला की तो भरलेला सापडे आणि व्यवहार बाद होई. पाहणं आणि खोडणं एकाच दमात होत होतं. या घोटाळ्यासाठी वेगळी तपासणी लिहिण्याची गरजच नव्हती.

म्हणजे बिटकॉइनचा पहिला कोड निर्दोष होता, असं मुळीच नाही. १५ ऑगस्ट २०१० ला ७४६३८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये एक व्यवहार आला, ज्याच्या दोन आउटपुटमध्ये मिळून १८४ अब्जांहून अधिक बिटकॉइन होती. एकूण पुरवठ्याची मर्यादा २ कोटी १० लाख! दोन प्रचंड आकड्यांची बेरीज ६४ बिटांच्या मर्यादेबाहेर गेली, उलटी फिरली, आणि तपासणीला ती लहान दिसली. डेव्हलपर जेफ गार्झिक यांनी तो विचित्र ब्लॉक नजरेला आणला, काही तासांत ०.३.१० आवृत्ती आली, आणि ७४६९१ व्या ब्लॉकपाशी दुरुस्त साखळीने बिघडलेल्या साखळीला मागे टाकलं. सप्टेंबर २०१८ मध्ये ज्यांच्या हाती या दोषाचा अहवाल पडला, त्यांच्यासाठी हवेतून नाणी तयार होणं ही कल्पनेतली भीती नव्हती. ते एकदा घडून गेलं होतं.

आता पहिल्या मार्गाकडे. २०११-१२ च्या सुमारास पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये बदल सुचवणारा प्रस्ताव) क्रमांक ४४३ मधून ती छोटी तपासणी कोडमध्ये आली. पाच-सहा ओळी. एक रिकामा संच घ्यायचा, व्यवहारातलं प्रत्येक इनपुट त्यात टाकायचं, आणि एखादं आधीच आत असल्यामुळे संचाने ते घेतलं नाही की व्यवहार अवैध ठरवायचा. ब्लॉकमध्ये येण्याआधी, व्यवहार नुसता एका नोडकडून दुसऱ्याकडे फिरत असतानाच तो पकडता यावा, यासाठी ही जागा सोयीची होती. पुढे या ओळीवर नोडची शिक्षाही ठरली: असा माल पाठवणाऱ्याला एका झटक्यात १०० गुण. १०० गुण झाले की संबंध तोडायचा आणि त्याला काही काळ दाराबाहेर ठेवायचं. ज्या फंक्शनने हे गुण दिले जात, त्याचं नावच ‘डॉस’ होतं. सांगायचा मुद्दा असा, की ही तपासणी मुळात सेवा बंद पाडण्याच्या हल्ल्यांविरुद्ध बसवलेल्या बंदोबस्ताचा भाग बनली होती.

त्या काळात, म्हणजे ०.८ च्या आधी, एकच इनपुट दोनदा आलं तर नोड ते दोन ठिकाणी नीट पकडत असे. कागद वाचताना एकदा, रकाना भरताना दुसऱ्यांदा, आणि दोन्हीकडे व्यवहार शांतपणे नाकारला जाई. कुणी कोसळत नसे.

मग १९ फेब्रुवारी २०१३ ला ०.८ आली आणि घराची रचनाच बदलली. पीटर विले यांनी लिहिलेल्या या बदलाला ‘अल्ट्राप्रून’ म्हणतात. प्रत्येक व्यवहाराच्या नोंदीत रकाने भरण्याऐवजी फक्त न खर्चलेल्या आउटपुटचा एक वेगळा संच ठेवायचा, आणि बर्कली डीबी सोडून लेव्हल डीबी वापरायची. आज जो बिटकॉइन नोड साध्या संगणकावर चालतो, तो याच कामाच्या जोरावर. मी या बदलाकडे बिटकॉइनच्या इतिहासातल्या सर्वांत मोलाच्या अभियांत्रिकीपैकी एक म्हणून पाहतो. पण जुन्या कोडमध्ये न लिहिलेले नियम किती असतात, हे महिन्याभरातच कळलं. मार्चच्या ११-१२ तारखेला २२५४३० व्या ब्लॉकपाशी साखळी दुभंगली. तो ब्लॉक तपासायला जुन्या बर्कली डीबीला तिच्या मर्यादेपेक्षा जास्त लॉक लागत होते. ०.७ ने ब्लॉक नाकारला, ०.८ ने घेतला. लॉकची ती मर्यादा नियम म्हणून कुणीही लिहिलेली नव्हती, पण जुने नोड ती पाळत होते. मायनरच्या मोठ्या पूलनी आपलं नुकसान सोसून ०.७ वर परत जायचं ठरवलं, तेव्हा साखळी एक झाली.

तो अपघात दिसला. दुसरा बदल मात्र कुणाच्या डोळ्यावर आला नाही. नव्या रचनेत पाहणं आणि खोडणं वेगळं झालं. आधी एक फंक्शन व्यवहाराची सगळी इनपुट बघे: आहेत का, न खर्चलेली आहेत का. मग दुसरं फंक्शन ती सगळी खर्ची टाके. पहिल्या फंक्शनला तेच इनपुट दोनदा दिसलं तरी दोन्ही वेळा उत्तर येई ‘आहे’, कारण अजून काहीच खोडलेलं नसे. बँकेत चेक पास करणारा एक आणि खातावहीत नोंद घालणारा दुसरा असावा, तसं हे झालं. पास करणाऱ्याने दोनदा मान डोलावली, तर सगळी भिस्त नोंद घालणाऱ्यावर.

नोंद घालणाऱ्याची जागा सुरुवातीला ठीक होती. खर्ची टाकता आलं नाही, तर ते फंक्शन चूक कळवून ब्लॉक परत करी. पण २०१३ मध्येच चुका हाताळण्याच्या पद्धतीची साफसफाई झाली. खोटा ब्लॉक ही एक गोष्ट आणि आपलाच डेटाबेस बिघडलेला असणं ही दुसरी, हा फरक कोडमध्ये स्पष्ट व्हायला हवा होता, आणि तो आग्रह रास्त होता. त्या साफसफाईत खर्ची टाकण्याच्या जागी ‘असर्ट’ आला. असर्ट म्हणजे प्रोग्रामरने लिहून ठेवलेली खात्री. या ठिकाणी पोचलो म्हणजे अमुक गोष्ट खरी असणारच. नसेल तर काहीतरी भलतंच बिघडलं आहे, प्रोग्राम इथेच थांबवा. तर्क सरळ होता. आधीच्या फंक्शनने इनपुट तपासली आहेत, कागद वाचताना दुबार नोंदीही पाहिल्या आहेत, तेव्हा इथे खर्ची टाकता येत नसेल तर डेटाबेसच फुटका.

हा असर्ट किती गंभीरपणे घेतला जात होता, त्याची साक्ष कोडमध्येच आहे. पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये अंतिम आवृत्ती बांधताना असर्ट वगळतात. बिटकॉइनचा कोड तसं करू पाहणाऱ्याला बांधूच देत नाही. असर्टशिवाय बिटकॉइन कंपाइल करता येत नाही, असं सांगून कंपायलर थांबतो. चुकीच्या हिशेबावर चालू राहण्यापेक्षा बंद पडलेलं बरं, ही त्यामागची भूमिका. मला ती भूमिका आजही योग्य वाटते, आणि पुढे जे घडलं त्याने ती खरीच ठरवली.

इथे २०१६ उजाडतं. त्या वर्षी सगळ्यांचं लक्ष ब्लॉक किती लवकर पसरतो याकडे होतं. नवा ब्लॉक सापडला की तो जगभर पोचेपर्यंत बाकीचे मायनर जुन्या ब्लॉकवर वीज जाळत बसतात. हा उशीर मोठ्या पूलला कमी भोवतो, छोट्याला जास्त. म्हणून सेकंदाचे तुकडे वाचवणं हा केवळ तांत्रिक हौसेचा विषय नव्हता. छोटे मायनर टिकणार की नाही, हा प्रश्न त्याला जोडलेला होता. मॅट कोरालो या कामात सर्वांत पुढे होते. सगळा ब्लॉक न पाठवता त्यातल्या व्यवहारांच्या आखूड खुणा पाठवण्याची ‘कॉम्पॅक्ट ब्लॉक’ पद्धत त्यांचीच, आणि ती ऑगस्ट २०१६ च्या ०.१३ मध्ये आली. ब्लॉक पुढे ढकलण्याआधी नोड जी प्राथमिक तपासणी करतो, तिच्यात वेळ कुठे जातो हे ते मोजत होते. दुबार इनपुट शोधणारा तो संच त्यात सापडला. हजारो इनपुट असलेल्या ब्लॉकमध्ये संच भरत बसणं महाग पडतं.

आणि ती तपासणी खरोखर दोनदा होताना दिसत होती. ब्लॉकमधले बहुतेक व्यवहार नोडने आधी सुटे असताना तपासलेले असतात. शिवाय पुढे खर्ची टाकताना काही गडबड निघाली तर असर्ट आहेच. तेव्हा कोरालो यांनी ९०४९ क्रमांकाच्या पुल रिक्वेस्टमध्ये ब्लॉक तपासताना ती वगळण्याचा बदल केला. व्यवहार तपासणाऱ्या फंक्शनला एक खटका जोडला: दुबार इनपुट पाहायची की नाही. सुट्या व्यवहारासाठी खटका चालू, ब्लॉकसाठी बंद. बदलासोबत त्यांनी मोजलेला फायदाही लिहिला: ब्लॉकमागे सुमारे ०.५ ते ०.७ मिलिसेकंद. शेजारी टिप्पणी होती की ही तपासणी संथ आहे म्हणून ब्लॉकमध्ये ती गाळली आहे. का लावली होती, याचा उल्लेख तिथे नव्हता. तो आधीही कुठे नव्हता.

या जागी मी बराच वेळ थांबतो. असर्ट लिहिणाऱ्याने गृहीत धरलं होतं की दुबार इनपुट आधीच गाळली गेली आहेत. दुबार तपासणी काढणाऱ्याने गृहीत धरलं की पुढचा कोड ती पकडेल. दोघांचं वाचन त्या-त्या दिवशी बरोबर होतं. बदलाचा रिव्ह्यूही झाला होता, आणि तो करणारी माणसं या कोडची सर्वांत जाणती माणसं होती. चूक त्या ओळींमध्ये नव्हती, दोन ओळींच्या मधल्या भरवशात होती, आणि तो भरवसा कुठेच लिहिलेला नव्हता.

०.१४.० आवृत्ती ८ मार्च २०१७ ला आली. त्या दिवसापासून नेटवर्कवरचा अपग्रेड झालेला प्रत्येक नोड एका ब्लॉकने कोसळू शकत होता. अट एवढीच की तो ब्लॉक खरा खणलेला हवा, कारण सुट्या व्यवहाराची तपासणी अजून शाबूत होती. साध्या वापरकर्त्याच्या हाती काही नव्हतं. मायनरला मात्र करता आलं असतं, आणि त्याची किंमत त्या ब्लॉकचं बक्षीस बुडण्याइतकी. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये १२.५ बिटकॉइन, म्हणजे साधारण ८० हजार डॉलर. जगभरचे नोड एका फटक्यात पाडायला ही रक्कम फार नाही.

योगायोग असा, की त्यानंतर सहाच दिवसांनी, १४ मार्च २०१७ ला, कोअरच्या प्रतिस्पर्धी गटाचं सॉफ्टवेअर अशाच कारणाने आडवं झालं. बिटकॉइन अनलिमिटेडच्या कोडमध्ये एका संदेशाच्या हाताळणीत असर्ट होता. बाहेरच्या कुणीही तो संदेश विशिष्ट तऱ्हेने पाठवला की नोड बंद. दोष चव्हाट्यावर आला आणि शेकडो नोड काही तासांत कोसळले. ब्लॉकच्या आकारावरून तेव्हा दोन तट पडले होते आणि कडवटपणा शिगेला होता. कोअरच्या बाजूच्या काहींनी त्या फजितीची जाहीर चर्चा करायला वेळ दवडला नाही. त्याच वर्षी ऑगस्टच्या पहिल्या तारखेला बिटकॉइन कॅश हे नाणं वेगळं झालं.

आता या दोषाच्या आयुष्यातलं सर्वांत गंभीर वळण. १४ सप्टेंबर २०१७ ला ०.१५ आली. न खर्चलेल्या आउटपुटचा संच पुन्हा नव्याने बांधला गेला होता. आता व्यवहारामागे एक नोंद ठेवण्याऐवजी प्रत्येक आउटपुटची स्वतंत्र नोंद. यामुळे नवा नोड साखळीशी जुळवून घेण्याचं काम बरंच वेगवान झालं. शिवाय जुन्या रचनेत मेमरी संपवून नोड जेरीस आणण्याचा जो हल्ला शक्य होता, तो बंद झाला. एक डिनायल ऑफ सर्व्हिस मिटवताना दुसऱ्याचा मात्र काट्याचा नायटा झाला.

झालं ते असं. खर्ची टाकण्याच्या फंक्शनमध्ये असर्ट कायम होता, पण त्याचा प्रश्न बदलला. पूर्वी तो विचारी, ‘हे आउटपुट न खर्चलेलं होतं ना?’ आता तो विचारू लागला, ‘या आउटपुटची नोंद सापडली ना?’ आउटपुट त्याच ब्लॉकमध्ये तयार झालेलं असेल, तर नोंद ताजी, डेटाबेसवर न गेलेली. ती खर्चल्यावर मेमरीतून पुसूनच टाकतात. दुसऱ्यांदा शोधली की सापडत नाही, असर्ट फुटतो, नोड बंद. पण आउटपुट आधीच्या ब्लॉकमधलं असेल, तर ती नोंद लगेच पुसता येत नाही. डेटाबेसला सांगायचं बाकी असतं की हे खर्च झालं. म्हणून ती रिकामी करून, ‘बदललेली’ अशी खूण लावून मेमरीत ठेवतात. दुसऱ्यांदा तेच आउटपुट मागितलं की रिकामी का होईना, नोंद सापडते. असर्ट समाधानी होतो. ब्लॉक स्वीकारला जातो. वर सांगितलेलं माझं १ बिटकॉइन खरोखर २ होतं.

०.१४ मधला नोड कोसळला असता, आणि कोसळणं हेच तिथे संरक्षण होतं. साखळी अडली असती, लोकांना कळलं असतं, काही तासांत पॅच निघाला असता. ०.१५ पासून ते संरक्षणही गेलं. नोड काही घडलंच नाही अशा थाटात चालू राहिला असता. म्हणूनच या दोषाला सरसकट डिनायल ऑफ सर्व्हिस म्हणणं मला खटकतं. ते त्याचं सौम्य रूप होतं.

पुढचं वर्षभर हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मधल्या काळात, २५ एप्रिल २०१८ ला, कोअरसाठी काम करणारे एमआयटीचे कोरी फील्ड्स यांना बिटकॉइन कॅशच्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये, बिटकॉइन एबीसीमध्ये, एक घातक दोष सापडला. तिथेही कोडची मांडणी सुधारताना सह्यांसंबंधीची एक तपासणी गळून पडली होती. फील्ड्स यांनी नाव न सांगता, खासगीत ते संबंधितांना कळवलं, आणि मे महिन्यात पॅच निघाला. प्रतिस्पर्धी गटाचं नाणं बुडालं असतं तर कोअरच्या गोटात काहींना आनंद झाला असता, आणि तो दोष विकून पैसेही करता आले असते. त्यांनी ते केलं नाही.

पाच महिन्यांत फेरा उलटा आला. १७ सप्टेंबर २०१८ ला ग्रिनिच वेळेनुसार दुपारी २ वाजून ५७ मिनिटांनी एक निनावी अहवाल कोअरचे पीटर विले, ग्रेग मॅक्सवेल आणि व्लादिमिर व्हान डर लान यांच्याकडे पोचला. तोच बिटकॉइन एबीसी आणि बिटकॉइन अनलिमिटेडच्या लोकांनाही गेला, कारण एबीसीच्या कोडमध्येही हा दोष वारशाने आला होता. पुढे कळलं, की पाठवणारा ‘ऑमेनी’ या टोपणनावाने ओळखला जाणारा, बिटकॉइन अनलिमिटेडचा डेव्हलपर होता. ज्या गटाचे नोड दीड वर्षापूर्वी भर चौकात पडले होते, त्याच गटातल्या माणसाने समोरच्या गटाचं घर वाचवलं. अहवाल नोड कोसळण्याचा होता. २ तास ५० मिनिटांनी, ५ वाजून ४७ मिनिटांनी, नाणी वाढवता येतात हे ओळखलं ते मॅट कोरालो यांनी. ९०४९ चा बदल त्यांचाच होता, आणि त्याचं खरं गांभीर्यही त्यांनीच शोधून काढलं.

मग ठरलं की फक्त निम्मं सत्य सांगायचं. मॅक्सवेल यांनी नाणी वाढवून दाखवणाऱ्या चाचणीचा हॅश काळाच्या शिक्क्यासह नोंदवून ठेवला, म्हणजे हे आपल्याला कधी माहीत होतं हे पुढे सिद्ध करता यावं. रात्री साडेआठला स्लशपूल या मायनिंग पूलच्या प्रमुखांशी बोलणं झालं, त्यांना फक्त नोड बंद पाडणारा दोष सांगितला, आणि १८ मिनिटांत त्यांनी अपग्रेड केलं. ९ वाजून ५७ मिनिटांनी पॅच जाहीर झाला, सोबतची चाचणीही फक्त कोसळणं दाखवणारी. एका मिनिटाने एबीसीनेही आपला पॅच काढला. मध्यरात्रीनंतर ०.१६.३ वर शिक्का बसला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डाउनलोड करण्याजोग्या फाइल आल्या.

उघडपणाचा एवढा उच्चार करणाऱ्या लोकांनी लपवाछपवी केली, अशी टीका तेव्हा झाली. मला त्यांचा निर्णय योग्य वाटतो. पॅच पाहून हल्ला रचणं जाणकाराला अवघड नव्हतं, आणि नेमकं काय होऊ शकतं हे जाहीर करणं म्हणजे अपग्रेड न झालेल्या हजारो नोडवर बोट दाखवणं होतं. खोटं काहीच सांगितलं नाही. अपग्रेड करायला पुरेल एवढं सांगितलं. २० तारखेला आणखी एकाने हा दोष स्वतंत्रपणे शोधून कळवला, तेव्हा झाकून ठेवण्यात अर्थ उरला नाही. तोवर अर्ध्याहून अधिक हॅशरेट, म्हणजे मायनिंगची ताकद, नव्या आवृत्तीवर गेला होता. मुख्य साखळीवर हल्ला झाल्याचं दिसलं नाही.

ऑमेनी यांनी नंतर आपली बाजू लिहिली, तिचं शीर्षकच ‘६०० मायक्रोसेकंद’ होतं. एवढ्याशा वेळासाठी हे घडलं, हा त्यातला राग मला समजतो. पण राग ज्या आकड्यावर होता, त्या आकड्यामागे छोट्या मायनरची काळजी होती, हेही विसरता येत नाही.

दोष मात्र सगळीकडून गेला नाही. चाचणीसाठी असलेल्या टेस्टनेटवर कुणीतरी तो वापरून पाहिला. बिटकॉइनचा कोड उचलून काढलेली कितीतरी छोटी नाणी होती, त्यांची देखभाल करणारे एखाद-दोघेच. पिजनकॉइन हे त्यातलं एक. त्यांनी पॅच वेळेवर लावला नाही आणि याच फटीतून कुणीतरी कोट्यवधी पिजनकॉइन छापून घेतली.

२०१८ चा पॅच पाहायला गेलं तर एका शब्दाचा होता: ब्लॉक तपासताना बंद केलेला खटका पुन्हा चालू केला. पण खटका जागेवरच राहिला, म्हणजे उद्या कुणी वेगाच्या शोधात पुन्हा त्याच्याकडे हात नेऊ शकला असता. ऑक्टोबर २०१९ मध्ये आणखी एका बदलाने तो खटका कोडमधून काढूनच टाकला, आणि हे २०२० च्या ०.२० मध्ये सर्वांपर्यंत पोचलं. आता व्यवहार सुटा असो की ब्लॉकमधला, दुबार इनपुट पाहावीच लागतात. शेजारची जुनी टिप्पणी गेली. नवी बरीच लांब आहे. इनपुट उपलब्ध आहेत का हे कोणतं फंक्शन पाहतं, खर्ची कोणतं टाकतं, आणि दुबार नोंद त्या दोघांपैकी कुणालाच का दिसत नाही, हे तिच्यात लिहिलं आहे. दोषाचा क्रमांक दिला आहे. ही तपासणी गाळली तर डेटाबेस कसा बांधला आहे त्यावर अवलंबून एकतर नोड कोसळेल किंवा नाणी वाढतील, असंही स्पष्ट म्हटलं आहे.